बोहनीची नोट

थांबा, हे आत्ताच सांगते, न्हाईतर पोटात राहणार न्हाई! माझ्या ताईचं बाळ चार महिन्यांचं हाय. त्याच्या हृदयाला छिद्र हाय अन् ऑपरेशनला पैसे कमी पडून राहिलेत. म्हणून आज बाळाचा फोटो चिकटवलेला डब्बा घेऊन मी मुरुडच्या बाजारात सकाळी सकाळीच गेले. तिथंच चुकलं. बोहनी व्हायच्या आधी कोण देतंय? जो तो म्हणे, "पुढं जा बाई!"

कोपऱ्यात एक मावशी पेरू पदरानं पुसून पुसून रचत होती. मला बघून हसली. "येडे, बोहनीच्या आधी मागायला निघालीस व्हय?"

मी वळणार तेवढ्यात तिचं पहिलं गिऱ्हाईक आलं. मिळालेली वीसची नोट तिनं कपाळाला लावली, फोटोकडं बघितलं अन् सरळ डब्ब्यात टाकली.

"मावशी, बोहनी हाय तुमची!"

"हाव. त्याची बी आत्ताच बोहनी झालीय. इतक्यात दुकान उचलायचं न्हाई, सांग त्याला."

नाव विचारायचं राहूनच गेलं. बोहनी झाल्यावर बाकीच्यांनी बी टाकलं, म्हणून घरी डब्बा उघडला तर तिची नोट कोणती ते कळेना. मग ताईनं सगळ्याच नोटा कपाळाला लावल्या.

तुम्हाला भेटलंय का हो असं कुणी?