एका बाळाचा एक ठसा

लिनोच्या कोरलेल्या ठशावरून कागद उचलला की काकू तो दोन कोपऱ्यांना धरून खिडकीच्या उजेडात न्यायच्या आणि म्हणायच्या, "आला बघ!" छाप फिकट असो, तिरका असो, शाईचा नुसता लगदा असो, काकूंच्या लेखी तो आलेलाच असायचा. आम्ही बाकीचे विशीतले. छाप बिघडला की कागदाचा बोळा करून कोपऱ्यात फेकायचो. काकू ते बोळेसुद्धा उलगडून बघायच्या.

सोलापूरच्या आमच्या चित्रकला महाविद्यालयात त्यांनी पन्नाशीला प्रवेश घेतला. पहिल्या दिवशी त्या वर्गात शिरल्या तेव्हा नव्या मॅडम समजून आम्ही उभे राहिलो होतो. माहेर कर्नाटकच्या सीमेवरच्या दुधनीचं, त्यामुळे घरात कन्नड आणि दारात मराठी. बारावी झाल्या झाल्या लग्न झालं होतं. मुलीच्या लग्नाची मेंदी पुसट व्हायच्या आत त्या फॉर्म भरायला आल्या. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. सगळं घर त्यांना 'आता आराम कर' म्हणत असतं, आणि त्या शब्दानेच त्यांना कापरं भरतं.

शेवटच्या वर्षाला आम्हाला बिझनेस प्लॅन हा विषय आला. चित्रकारांनी उपाशी मरू नये अशी कुणाची तरी सदिच्छा असावी. कॉमर्सच्या कॉलेजातून एक मॅडम शिकवायला यायच्या. दोघांनी मिळून एक धंदा कागदावर उभा करायचा आणि वर्षाअखेर बाहेरच्या परीक्षकांपुढे मांडायचा, असा प्रकार होता. मी भांडखोर म्हणून माझ्या जोडीला कुणी येईना, आणि काकू म्हणून काकूंच्या जोडीला कुणी जाईना. तेव्हा आमची जोडी आपोआपच जमली.

"तुझा काय इचार हाय?" त्यांनी विचारलं.

"पास व्हायचा."

"मला खरंच काढायचाय रे धंदा. ह्यांच्याकडनं पुढची खोली रिकामी करून घेतलीय. आजवर लई केलं, पण सगळं घरचं म्हणून केलं. एक काम माझं म्हणून करायचंय."

मला तेव्हा कशाचंही हसू यायचं. याचं आलं नाही.

बाळांची दुपटी हाताने कोरलेल्या ठशांनी छापून विकायची, असं ठरलं. नव्या कोऱ्या सुती कापडावर छापलेला गठ्ठा घेऊन आम्ही काकूंच्या गल्लीत हिंडलो. बायकांनी दुपटी उलटून पालटून पाहिली, तोंडभर कौतुक केलं, चहा पाजला आणि एकीनेही घेतलं नाही. शेवटी एक म्हातारी म्हणाली, "चित्रं झकास हायत बाई, पर तान्ह्या पोराला नव्या कापडात कोण गुंडाळतंय? टोचतंय की त्येला." आपल्याकडे तान्ह्या बाळाला आजीचं धुऊन धुऊन मऊ झालेलं पातळ लागतं, ही साधी गोष्ट आम्ही विसरलो होतो. काकू भर रस्त्यात थांबून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. "माझी पोरगी मी सासूच्या लुगड्यात वाढवली की! धंदा म्हटलं आणि अक्कल गेली बघ माझी."

मग आराखडा पार बदलला. पातळ गिऱ्हाइकाने घरातून आणायचं. ठसा बाळ जन्मल्यावरच कोरायचा, कारण ते आलं त्या दिवशी घरात काय घडलं हे विचारून त्याचंच चित्र काढायचं. बारशाच्या आत दुपटं द्यायचं आणि ठसाही त्याच्याबरोबर देऊन टाकायचा.

मी कपाळावर हात मारला. "काकू, एका ठशावर हजार दुपटी निघतील. तो देऊन कसं चालेल?"

"मग ते ह्याच बाळाचं कसं राहील?"

"धंदा कसा राहील ते सांगा."

"ते तू सांग. तुला त्याच्यासाठीच घेतलाय."

पहिलं दुपटं शेजारच्या सुनेच्या बाळाला केलं. ते जन्मलं तेव्हा लाईट गेली होती. गल्लीतले सगळे माग एकदम बंद पडले होते, आणि बाळ घरी झालं नसतानाही त्याची आजी सांगायची की त्या शांततेतच मला बाळ आल्याचं कळलं. काकूंनी मागावर आडवं सूत नेता नेता थांबलेला धोटा कोरला. बारशाला ती आजी दुपट्यावरून हात फिरवत बसली, पाळण्याकडे यायला तयार होईना. दुसऱ्या दिवशी काकू वर्गात आल्या त्या जरा वेगळ्याच चालीने.

मॅडमना आराखडा आवडला. पण परीक्षकांना हातात धरायला नमुना हवा होता, नुसता फोटो चालणार नव्हता. मी म्हटलं, शेजारचं दुपटं एक दिवस मागून आणू. काकू माझ्यावर पहिल्यांदाच चिडल्या. "लेकराच्या अंगावरचं काढून आणू व्हय? माझ्या पोरीचे दिवस भरत आलेत. नमुना आमच्या घरचा करू."

अडचण एवढीच होती की बाळंतपण आणि परीक्षा एकाच आठवड्यात येत होती. बाळ येईपर्यंत थांबलं तर वेळ उरत नव्हता. बाळ यायच्या आधी त्याचं काही करून ठेवत नाहीत, हे काकूंना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. तरी त्या कोरायला बसल्या. मुलीला हुरड्याचे डोहाळे लागले होते म्हणून त्यांनी ज्वारीचं कणीस कोरलं, दाणा न् दाणा सुटा. मग आपल्या जुन्या पातळावर छापलं. दोरीवर वाळणारं ते दुपटं मुलीने ओढून पोटावर पसरलं आणि म्हणाली, "आई, ह्याला आवडलं बघ, लाथ मारली." मी तिथेच होतो. आम्ही तिघंही हसलो.

बाळ पोटातच गेलं. नाळेचा फास बसला होता, कुणाच्या हातात काही नव्हतं, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. मी दवाखान्यात पोचलो तेव्हा मुलीच्या सासूबाई सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलत होत्या, "पोर यायच्या आधीच कापडं छापत बसली ही बाई. कॉलेजात दाखवायला." मी म्हणालो, "आजी, डॉक्टर काय म्हणाले ते ऐकलंत ना?" काकूंनी हातानेच मला गप्प केलं. त्या विहिणीकडे बघतच नव्हत्या. त्यांची नजर मुलीवर होती. ती काहीतरी बोलेल, नुसतं 'नाही' म्हणेल, याची त्या वाट बघत होत्या. मुलगी भिंतीकडे तोंड करून पडली होती. ती वळली नाही. तिला तरी काय म्हणणार? पण काकू वाट बघत राहिल्या.

आराखडा मी एकट्याने मांडला, नमुन्याशिवाय. तो पहिला आला. एका परीक्षक बाईंनी मला बाजूला बोलावून सांगितलं की त्यांना नुकतीच नात झाली आहे आणि त्या स्वतःच्या सासूबाईंचं पातळ घेऊन येणार आहेत. मी तसाच काकूंच्या घरी धावलो. वाटलं, आता त्या उठतील.

काकू चटईवर बसल्या होत्या. मी एका दमात सगळं सांगून टाकलं.

"नात झाली?" त्यांचा चेहरा क्षणभर पूर्वीसारखा झाला. "कवा? आणि त्या दिवशी घरात काय..."

त्या मध्येच थांबल्या.

"त्यांना सांग, दुसरीकडं बघा म्हणावं."

"काकू, डॉक्टरांनी सांगितलंय की..."

"डॉक्टर खरंच सांगत्यात रे. मला काय कळत न्हाय व्हय? पण मी कोरायला बसले आणि त्या लेकराला उद्या नुसता ताप जरी आला, तर मी कुटं जाऊ?"

त्यानंतर काकू कॉलेजात आल्या नाहीत. डिप्लोमाचं प्रमाणपत्रसुद्धा त्यांच्या यजमानांनी येऊन नेलं.

त्या दिवशी मी निघालो तेव्हा त्या दारापर्यंत आल्या. मी चपला घालत होतो. चौकट धरून त्या हळूच म्हणाल्या,

"नाव काय ठेवणारेत रे तिचं?"

मी ते विचारलंच नव्हतं.