दोन बोटांवरची गाडी

मिस्त्रीजी डोळे मिटून गाडी तपासत. बॉनेट उघडणं, गाडीखाली शिरणं हे सगळं नंतर. आधी स्वारी ड्रायव्हरच्या सीटवर बसायची, पगडी छताला लागू नये म्हणून मान जराशी वाकवायची आणि स्टिअरिंगला फक्त दोन बोटं लावायची. मग अंगणातल्या अंगणात गाडी मुंगीच्या पावलांनी पुढेमागे. आपण काही सांगायला गेलो की तीच दोन बोटं वर व्हायची. चंदीगडजवळच्या मनीमाजऱ्यातल्या त्यांच्या पत्र्याच्या गॅरेजात पहिली दहा मिनिटं गाडीशिवाय कुणी बोलायचं नाही, असा कायदा होता.

त्यांच्याकडे मी गेलो तो नाक मुठीत धरून. माझ्याकडे वडिलांची, आबांची, जुनी विलायती गाडी होती, माझ्यापेक्षा वयाने मोठी. आबांच्या मनगटांना संधिवाताने धरलं, स्टिअरिंग ओढवेना, तेव्हा त्यांनी ती मला देऊन टाकली. साताऱ्याहून पत्र आलं, "डिसेंबरात चंदीगडला येतो. एकदा तरी चालवायला मिळेल काय?" त्या एका ओळीनंतर मला राहवेना. मी नव्या धाटणीचा, हलका फिरणारा स्टिअरिंग बॉक्स मिळवला आणि आमच्या क्वार्टरमागे स्वतःच्या हाताने बसवला.

मी हवाई दलातला इंजिनिअर. विमानाच्या कंट्रोल्समध्ये जास्तीची ढिलाई दिसली की आमची झोप उडते. नव्या बॉक्समध्ये किंचित प्ले, म्हणजे तशीच ढिलाई, लागला, तेव्हा मी बॉक्सवरचा स्क्रू पिळत पिळत तो पार नाहीसा केला आणि बायकोकडून, सुधाकडून, चहा मागून घेतला. शहाणपणाची हद्द झाली होती!

पंजाबात दहशतवादाचे, धास्तीचे दिवस होते. रोज काहीतरी वाईट कानावर यायचं, अंधार पडायच्या आत जो तो घर गाठायचा. रस्त्यांवर ठिकठिकाणी तपासणी नाके होते आणि प्रत्येक नाक्यावर ड्रम मांडून नागमोडी वाट केलेली. अशाच एका नाक्यावर, सुधा शेजारी असताना, मी डावीकडे वळलो आणि स्टिअरिंग परत येईचना. मी जोर केला तर मध्येच अडकलं, मग सुटलं ते भलतीकडे, आणि आम्ही थेट ड्रमवर. दोन बंदुका आमच्याकडे वळल्या. माझं ओळखपत्र पाहून जवानाने सोडलं. घरी आल्यावर सुधा म्हणाली, "आबांना ह्या गाडीत बसवलंस तर मी चाकांपुढे आडवी पडेन." तिचं काही चूक नव्हतं.

गॅरेजातली दहा मिनिटं संपली, तेव्हा मिस्त्रीजींनी डोळे उघडले आणि विचारलं, "किसने कसा है?"

"मैंने."

"आप तो हवाई जहाज वाले हो ना, साबजी?" एवढंच. मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं.

त्यांनी पुढची चाकं जॅकवर उचलली. स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवत फेरे मोजले आणि बरोबर निम्म्यावर खडूची खूण केली. मी स्टिअरिंगच्या दांड्या आडव्या दिसल्या म्हणून जे सरळ धरलं होतं, ते बॉक्सचं सरळ नव्हतंच! बॉक्सचा मध्य पाव फेरा बाजूला होता, आणि तिथेच तो सर्वांत घट्ट असतो. मी तो बाजूच्या ढिल्या जागेत आवळून बसलो होतो, म्हणून खऱ्या मध्यावर आला की अडकायचा. "वेखण दा सिद्धा होर, असली सिद्धा होर," मिस्त्रीजी पुटपुटले. दिसायला सरळ ते वेगळं आणि खरं सरळ वेगळं. त्यांनी बॉक्सची आर्म, म्हणजे चाकांकडे जाणारा दांडा, सोडवली, बॉक्स मध्यावर आणला, दोरी धरून चाकं सरळ केली, मग आर्म पुन्हा जोडली. स्क्रू कसला तो सगळ्यात शेवटी, आणि दोन बोटांना जेवढा कळेल तेवढा प्ले ठेवून. "थोड़ी जगह छोड़ो जी. इसको भी सांस लेनी है."

मग म्हणाले, "चलो नाके पे. ऐसा टेस्ट ट्रैक कहाँ मिलेगा!"

मला वाटलं चेष्टा करतायत. पण गाडी त्यांनी खरंच नाक्यावर नेली. त्या दिवशी जवान नवा होता, मिसरूडही धड न फुटलेला. पगडी पाहून त्याने मिस्त्रीजींना उतरवलं, हात वर करायला लावले, पान्यांची पिशवी रस्त्यावर ओतली. मला मात्र नुसतं ओळखपत्र पाहून पुढे जाऊ देत होता. माझं डोकं फिरलं. मी तोंड उघडणार तोच मिस्त्रीजी म्हणाले, "रहने दो साबजी. मुंडा डरा हुआ है. मैं भी डरा हुआ हूँ. हिसाब बराबर." आणि खाली बसून एकेक पाना पिशवीत भरू लागले. मीही बसलो. जरा वेळाने तो जवानही वाकला आणि लांब गेलेला एक पाना त्याने उचलून दिला.

ड्रममधून गाडी डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे गेली. शेवटच्या ड्रमला मिस्त्रीजींनी दोन्ही हात वर केले, मघासारखेच, पण आता हसत. स्टिअरिंग आपलं आपण फिरलं आणि गाडी सरळ झाली.

डिसेंबरात आबा आले. मिस्त्रीजी त्यांना बाऊजी म्हणायचे. मागच्या सीटवर सुधा आणि मिस्त्रीजी, पुढे मी. त्याच ड्रममधून आबांनी त्या वाकड्या बोटांनी गाडी काढली आणि शेवटी हात वर केले. म्हणाले, "अरे, ही तर पूर्वीपेक्षा गुणी झाली!" सुधा मागे रडत होती. मिस्त्रीजी डोळे मिटून बसले होते.

पुढे बदली झाली, मग आबाही गेले. बऱ्याच वर्षांनी पुन्हा चंदीगडला पोस्टिंग आलं, तेव्हा गाडी मालगाडीने मागवून घेतली. नाका उठला होता. तिथे ड्रमऐवजी एक उसाच्या रसाची गाडी उभी होती आणि लोक दिवेलागणीनंतरही आरामात रस पीत होते. मिस्त्रीजी घरीच असत. त्यांची दृष्टी गेली होती. मी आवाज दिला तर म्हणाले, "चुप. पहले गाड़ी."

त्यांना धरून ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं. त्यांनी स्टिअरिंगला दोन बोटं लावली. मी गाडी अंगणात हाताने ढकलली, जराशी पुढे, जराशी मागे. दहा मिनिटं कायद्याप्रमाणे गप्प राहिलो.

"सिद्धी है," ते म्हणाले. "अब बताओ, बाऊजी कैसे हैं?"