पोटावरचा हात

“आई, नको ना दाबू देऊ!” माझं चार वर्षांचं लेकरू किंचाळलं. अजूनबी स्पिरिटचा वास आला की तीच किंचाळी कानात घुमती. अपेंडिक्स सुजलंय म्हणून फुलंब्रीहून जीपनं संभाजीनगरच्या मोठ्या दवाखान्यात आणलं होतं, दुपारी ऑपरेशन व्हायचं होतं. तेवढ्यात मोठे डॉक्टर शिकाऊ पोरापोरींची रांग घेऊन खाटंपाशी आले. एकानं पोट दाबलं, मग दुसरीनं. मोठे डॉक्टर खेकसले, “हाताकडं काय बघता? दाबताना पेशंटच्या तोंडाकडं बघायचं, दुखणं तिथं दिसतं.” मला वाटलं, आता तरी यांना कळंल. पण सगळे तोंडाकडं बघायले अन् दाबायलेच. लेकरानं तोंड वाकडं केलं की डॉक्टर म्हणायचे, “हां, बरोबर. आता तू ये.” शेजारच्या खाटंवरची चाची मला म्हणली, “उनको ‘नक्को’ बोल गे, तेरा बच्चा है!” म्या लेकराच्या पोटावर हात आडवा धरला. डॉक्टर चिडले नाय, उलट लई गोड बोलले, “ताई, हे शिकले नाहीत तर उद्या अशी लेकरं कोण वाचवणार?” दुपारी सुरी त्यांच्याच हातात असणार होती. म्या हात काढला. लेकरू वाचलं, पण अजून अंघोळीला पोटाला साबण लावाया गेलं की माझाच हात झटकतंय. डॉक्टर खोटं बोलले नव्हते, हेच जास्त सलतंय. तुम्ही असता तर हात काढला असता का?