खंडेनवमीला उघडा राहिलेला फोर्क

काल आमच्या पुनावळ्याच्या सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी ज्ञान पाजळलं... "आपल्या आज्यांच्या काळी बायका गाडीला फक्त हळदकुंकू वाहायच्या." मी आजीच आहे, रिटायर होऊनही जमाना झाला. तेव्हा ऐका.

पन्नासच्या दशकातली गोष्ट, दापोडीची. माझे वडील, अण्णा, तिथल्या वर्कशॉपमध्ये कामाला होते आणि त्यांची एक सेकंडहँड मोटरसायकल होती. मी कॉन्व्हेंटमध्ये शेवटच्या वर्गात.

गाडीच्या पुढच्या फोर्कमधून तेल गळायला लागलं. फोर्क म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दोन नळ्या... आत तेल, आणि ते बाहेर येऊ नये म्हणून तोंडाशी रबरी सील. मोठ्या मुश्किलीनं पुण्यात नवी सीलं मिळाली. अण्णा म्हणाले, "डावी बाजू तुझी, उजवी माझी. तुझी कोरडी राहिली तर गाडी चालवायला शिकवतो."

मला तेच तर हवं होतं! इंजिनाखाली खोकं लावून चाक काढलं. सील वाकडं बसू नये म्हणून वर लाकडी ठोकळा ठेवून हळूहळू ठोकून बसवलं. अंधार पडला, तेव्हा नळीच्या तोंडाला स्वच्छ फडकं बांधून ठेवलं. अण्णांची बाजू राहिली होती.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. माझे थोरले चुलते, तात्या, चाकणजवळच्या गावाहून सणाला आले होते. त्यांनी सकाळीच हुकूम सोडला, "आज हत्याराला हात लावायचा न्हाई." पाने, हातोडी, उघडलेला फोर्क... सगळं पाटावर मांडून त्यांनी पूजा केली. मी मागच्या अंगणात भांडी घासत होते.

दसरा झाल्यावर अण्णांनी आपली नळी रॉकेलनं धुतली आणि सील बसवलं. माझी तयारच होती, म्हणून तशीच घेतली. दोन्हींत औषधाच्या ग्लासानं मोजून सारखं तेल घातलं, सगळं जोडलं, आणि अण्णा पिंपरीपर्यंत चक्कर मारून आले.

उजवी बाजू कोरडी. डावीवर तेलाचा ओघळ.

तात्या पायरीवर सुपारी कातरत बसले होते. "पोरीच्या हातचं काम हाय, गळायचंच. तिला पोळपाट दे रं."

"तात्या, सीलला बाई-पुरुष कळत नाही," मी म्हणाले. आई आतून ओरडली, "जीभ आवर!"

अण्णांनी पाना माझ्यापुढे धरला. "उघड."

उघडलं. सीलच्या कडेत तांदळाचा एक दाणा अडकलेला. कुंकवानं लाल.

अक्षता! पण तोंड बांधलेल्या नळीत अक्षता गेल्या कशा? मी तात्यांकडे बघितलं.

"त्वांड बांधून देवाफुडं ठेवत्यात व्हय? म्या सोडलं फडकं. पूजा झाल्यावं बांधलं की परत, नीट," तात्या म्हणाले. "आन् देवाच्या अक्षतांनी कुटं काय बिघडतंय का?"

"तात्या," अण्णा म्हणाले, "पुढच्या वेळी बाहेरूनच नमस्कार करा."

नशीब, सील फाटलं नव्हतं. नळी धुतली, नवं तेल भरलं, आणि या वेळी अण्णा देहूरोडपर्यंत जाऊन आले. ओघळ नाही. तात्यांनी दोन्ही नळ्यांवरून बोट फिरवलं, ते धोतराला पुसलं आणि भुईमुगाचा विषय काढला. माफी वगैरे काही नाही... मुलीची चूक झाली की ती मुलीची, पुरुषाची झाली की ती भक्ती!

त्याच आठवड्यात रेल्वेलाइनीशेजारच्या मोकळ्या मैदानात मी पहिल्यांदा क्लच सोडला. अण्णा मागे बसले होते.

गाडी शिकवल्याबद्दल त्यांचे आभार मी तेव्हाच मानले. राहिले ते वेगळेच... तेल गळत होतं, थोरला भाऊ समोर बसून टोमणे मारत होता, आणि तरी "सरक, मी करतो" असं ते म्हणाले नाहीत.