दुपारची शाबासकी

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आईला व्यायाम शिकवायला एक मुलगी घरी येते. आज आईने पलंगावर पडल्या पडल्या पाय जरासा उचलला, तशी ती म्हणाली, "शाब्बास आजी!"

आई चक्क लाजली. "तो असंच म्हणायचा," ती मला म्हणाली.

तो म्हणजे आमच्या जुन्या टीव्हीवर दुपारी पोट कमी करायचं यंत्र विकणारा गोरा, पिळदार माणूस. हिंदी आवाज संपला तरी त्याचे ओठ हलत राहायचे. आई समोर बसून मेथी निवडायची. यंत्र आम्ही कधी घेतलं नाही, आईने कधी हातसुद्धा वर केला नाही. तरी तो रोज तिच्याकडे बोट दाखवून "शाब्बास! तुम्हाला जमेल!" म्हणायचा आणि ती म्हणायची, "हो रे बाबा." सुट्टीत घरी असलो की आम्ही भावंडं हसायचो.

आता तोही म्हातारा झाला असेल. तो माल खपवायला बोलतोय, हे आईला तेव्हाही कळत होतं. पण आम्हा सगळ्यांचे डबे भरून झाल्यावर तिला शाब्बास म्हणणारा तेवढा एकच होता.

"आणखी एकदा, आजी," मुलगी म्हणाली.

आईने पाय उचलला आणि माझ्याकडे बघत तसाच धरून ठेवला.