मिस्त्रीचा शेंदूर

बाकावर बसण्याआधी तो बाक दोन्ही हातांनी हलवून बघायचा. बाक डुगडुगला नाही, तरी वाकून त्याच्या पायांखाली नजर टाकायचा आणि मग टेकायचा, तेही अर्ध्यावर. चहा आला की कपात असा डोकवायचा की आणणाऱ्याचाच जीव वरखाली व्हावा. "काय मिस्त्री, विष घातलंय का त्यात?" असं कोणी म्हटलं की उत्तर ठरलेलं. "दिसते तं बराबर. हाय का, पायतो."

असा माणूस तुम्हीही कुठेतरी पाहिला असेल. दुकानात चाळणी उजेडाकडे धरून बघणारा, कुलूप लावल्यावर परत येऊन ओढून पाहणारा. आमचा मिस्त्री त्या सगळ्यांचा गुरू होता. समोर गाडी उभी असली तरी ही गोंदियाचीच का, हे दोघातिघांना विचारून मग चढायचा. आणि त्यांची उत्तरं जुळली, तर त्यांनी आपसात ठरवलं असेल अशी शंका त्याला यायची.

मी तेव्हा गोंदियाच्या एका राइस मिलमध्ये स्टोअर सांभाळत होतो. गोंदिया भंडारा जिल्ह्यातच होतं, आणि आपण मध्यप्रदेशात राहणार की मुंबईकडे जाणार, यावर पानठेल्यावर रोज वाद रंगायचे. आमच्या शेठनी त्या सुमारास बालाघाटकडच्या एका बंद पडलेल्या खाणीतून जुना विलायती लेथ आणला. लोखंडाचा दांडा गरगर फिरवत ठेवून धारदार हत्याराने कातायचा आणि गोल, सरळ करायचा, ते हे यंत्र. आमचा इंजीनवाला दमाजी त्याला खराद म्हणायचा. धान सडणाऱ्या हलरचा शाफ्ट, म्हणजे फिरता दांडा, बिघडला की नागपूरला पाठवून वाट बघत बसावं लागे. आता घरच्या घरी काम होईल, असा शेठचा हिशेब. पण त्या लेथवर कातलेला पहिलाच दांडा गाजरासारखा निघाला. एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला बारीक. शेठनी कपाळावर हात मारला आणि भंगारवाल्याला निरोप धाडला.

भंगारवाल्याच्या आधी मिस्त्री येऊन पोचला. सौंदडकडचा माणूस, काम शोधत आलेला, खांद्यावर लांबुळकी लाकडी पेटी. त्याने लेथच्या बेडवरून नख फिरवलं. बेड म्हणजे यंत्राचा लांब पाट. त्याच्यावरूनच हत्याराचा गाडा सरकतो. "इथं खाल्ला हाय," तो म्हणाला. "गाडा इथं खाली बसते, म्हनून दांडा बिघडते. खरडून सपाट करा लागन."

शेठ म्हणाले, "देखो मिस्त्री, दसरे तक करो. नहीं हुआ तो ये भंगार में, और तुम अपने गाँव."

बाहेर आल्यावर त्याने मला तेच आपल्या भाषेत सांगितलं. "हा उभा राह्यला तं मी राह्यतो, बाबूजी. नाही तं दोघंय एकाच बंडीत." याआधीच्या कारखान्यात मोजायचं एक हत्यार हरवलं, तेव्हा नाव याचं घेऊन याला काढलं होतं. मागाहून ते तिथल्याच कपाटामागे सापडलं म्हणे, पण परत बोलवायला कोणी आलं नाही. हे सांगतानाही माझ्या चेहऱ्यावर विश्वास दिसतो का, ते तो बघत होता.

शेठनी मला हळूच सांगितलं, "जरा नजर रखो." सांगायची गरज नव्हती. पाळत ठेवणं हा माझा स्वभाव आहे, त्याशिवाय स्टोअर सांभाळता येत नाही. मग काय, तो माझ्यावर नजर ठेवायचा, मी त्याच्यावर, आणि दमाजी आम्हा दोघांवर.

दमाजीला पहिला संशय त्या पेटीचा. मिस्त्री तिला कुलूप लावायचा, जेवायला तिच्यावरच बसायचा आणि झोपायचाही तिला पाय लावून. "सोनं हाय त्यात," दमाजी म्हणाला. दुसऱ्या दिवशी म्हणाला, "नाही गा, कोनत्या तरी देवळातली मूर्ती हाय." पावसाळ्याची मिल बंद, इंजीन थंड, माणूस मोकळा. त्याने रोज एक नवी वस्तू त्या पेटीत घातली.

मग शेंदराचं प्रकरण निघालं. मिस्त्री बाजारातल्या पूजेच्या दुकानात शेंदूर घ्यायला जाऊ लागला. चिमूटभर नाही, चांगला पुडाभर. मी एकदा मागोमाग गेलो. त्याने पुडीतला थोडा शेंदूर काचेच्या तुकड्यावर घेतला, तेलाचा थेंब टाकला, दुसऱ्या काचेने घासला आणि काच उन्हात धरली. काचेवर बारीक ओरखडे होते. "विटकर मिसळली हाय यात," असं म्हणून त्याने पुडी परत केली.

दुकानदार भडकला. "अरे, हनुमानजी को चलता है, तेरे को क्यों नहीं चलता?"

"हनुमानजीले घासाचं नाही," मिस्त्री म्हणाला. "मले घासाचं हाय."

झालं! दुकानदाराने ही गोष्ट गिऱ्हाइकागणिक सांगितली आणि ती मिलमध्ये आली तोवर तिला शिंगं फुटली होती. मिस्त्री कधी देवाला हात जोडताना दिसत नसे. लेथच्या खोलीचं दार आतून लावून घ्यायचा. मग आत शेंदूर कशाला? "देवाले मानत नाही, अन् दार लावून शेंदूर," दमाजी म्हणाला. "काय समजाचं मानसानं? हे करनीचंच काम हाय." त्याने इंजिनाच्या खोलीवर लिंबू-मिरची टांगली. धान पाखडणाऱ्या बायांनी त्या बाजूने जाणंच सोडलं.

मी मात्र सरळ जाऊन दार ठोठावलं. स्टोअरमधून तेल गेलं होतं, ते कुठे जातं हे बघण्याचा माझा हक्क होता. बराच वेळ आतून "कोन? काऊन?" झालं, मग त्याने दार उघडलं आणि मला आधी हात धुवायला लावले. "घाम लोखंडाले खाते."

पेटी उघडी होती. आत सोनं नव्हतं, मूर्ती नव्हती. गोधडीत गुंडाळलेली बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची, एक लांब, जाड पट्टी होती, आणि तिचा तळ इतका सपाट की हात लावायला भीती वाटावी. पट्टीच्या तळाला तेलात कालवलेला शेंदूर अगदी पातळ फासायचा, पट्टी बेडवर ठेवून अलगद सरकवायची आणि उचलायची. बेडवर जिथे लाल ठिपका उमटला, तिथे उंचवटा. जुन्या कानशीला धार लावून केलेल्या पात्याने तो ठिपका खरडायचा. पुन्हा शेंदूर, पुन्हा पट्टी, पुन्हा ठिपके. आखाडात त्याने सुरुवात केली होती, भादवा संपत आला तरी तेच चालू होतं.

"केव्हा होणार हे?" मी विचारलं.

"सगळीकडं सारखे ठिपके आले का झालं."

"मग झाल्यासारखंच दिसतंय की!"

"दिसते," तो म्हणाला, आणि पुन्हा वाकला.

मी दमाजीला सगळं समजावून सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, मान हलवली आणि मलाच एक लिंबू दिलं.

खंडेनवमीला आमच्या मिलमध्ये इंजिनाची पूजा व्हायची. झेंडूच्या माळा, हळदकुंकू, नारळ. नारळ फोडण्याचा मान दमाजीचा, पण त्याला तो कधी धड फुटला नाही. हातोडी तिरकी पडायची आणि करवंटीला हमखास एका बाजूने लांब सुळा राहायचा. आम्ही दरवर्षी त्याला चिडवायचो, तो दरवर्षी नारळालाच दोष द्यायचा.

त्या सकाळी मिस्त्रीचं शेवटचं खरडणं चाललं होतं. बेड पूर्ण तपासायचा म्हणून त्याने या टोकापासून त्या टोकापर्यंत शेंदूर उमटवला होता. पात्याची धार गेली म्हणून तो ती लावायला मिलच्या मागे गेला आणि जन्मात पहिल्यांदा दार नुसतं लोटून गेला. तेवढ्यात पूजेचं ताट घेऊन दमाजी आणि बाया तिकडून आल्या. दाराच्या फटीतून त्यांना अख्खा लेथ शेंदराने लाल दिसला. आणि आजचा दिवस खंडेनवमीचा!

"अगे माय!" दमाजी ओरडला. "मिस्त्रीनं पूजा मांडली!"

त्याचा चेहरा मला अजून आठवतो. इतका आनंद त्याला स्वतःच्या इंजिनाचाही झाला नसेल. ज्याला आपण करणीवाला समजलो तो आपल्यातलाच निघाला, त्यालाही देव आहे! मी स्टोअरमधून "थांब, थांब" म्हणत धावलो, पण बायांनी फुलं वाहिली होती, बेडवर तांदूळ पडले होते, आणि दमाजीने मान म्हणून नारळ थेट बेडवर ठेवून हातोडी हाणली. ती नेहमीप्रमाणे तिरकी गेली. नारळ फुटला आणि लोखंडावर ठण्ण आवाज झाला.

मिस्त्री दारात उभा होता. नारळाचं पाणी बेडवरून ओघळत होतं. त्याने आधी ते आपल्या सदऱ्याने टिपलं, मग नख फिरवलं. नख अडलं.

"कोनं केलं?"

"मी गा," दमाजी हसत म्हणाला आणि वाकडी करवंटी त्याच्यापुढे धरली. "घे, परसाद."

मिस्त्रीने ती हातातून हिसकून कोपऱ्यात फेकली. "भंगारवाल्यानं पाठवलं का तुले? उद्या दसरा हाय, उद्या शेठ येते, अन् आज तू हातोडी मारतं?"

"मले वाटलं तू पूजा मांडली."

"वाटलं!"

"माह्या लेकरायची शपथ हाय, मिस्त्री."

"शपथ तं बराबर दिसते," तो म्हणाला. "हाय का, कोनाले ठाऊक." आणि आम्हा सगळ्यांना बाहेर काढून त्याने दार लावलं. दमाजी तिथेच ताट घेऊन उभा राहिला. मला फार वाईट वाटलं. आणि खरं सांगायचं तर थोडी शंकाही आली, कारण भंगारवाल्याने त्या आठवड्यात दमाजीला दोनदा विडी दिलेली मी पाहिली होती.

दुपारी मिस्त्रीने मला आत घेतलं. हातोडीच्या खुणेभोवती लोखंड किंचित वर आलं होतं, ते त्याने दगडाने घासून बसवलं होतं. मधे बोराच्या बीएवढा खड्डा राहिला होता. "खड्डा राह्यला तं चालते, बाबूजी. उंच नाही राह्यलं पाह्यजे."

दसऱ्याला सकाळी शेठ आले. फाटकाबाहेर भंगारवाल्याची बंडी उभी होती. लेथ चालायचा तो इंजिनाच्या पट्ट्यावर, आणि इंजीन दमाजीच्या हातात. मिस्त्री माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "तुमी त्याच्यापाशी उभे राहा. पट्टा सोडला तं आवाज द्या." मी दमाजीपाशी उभा राहिलो. दमाजीला कळलं मी का उभा आहे ते. त्याने इंजीन इतकं सांभाळून चालवलं की धुराची लयसुद्धा चुकली नाही.

दांडा कातून झाला. मिस्त्रीने जाडी मोजायचं कॅलिपर एका टोकाला लावलं आणि त्याची फट न बदलता दुसऱ्या टोकापर्यंत नेलं. सगळीकडे सारखं बसलं. शेठनी स्वतः लावून बघितलं, भंगारवाल्यानेही बघितलं, आणि रिकामी बंडी वळवून तो निघून गेला. मिस्त्री मात्र अजून मोजतच होता. "दिसते तं सरळ," तो पुटपुटला. शेठ हसले. "अरे, है सरळ! रहो अब यहीं."

संध्याकाळी दमाजी आपट्याचं सोनं घेऊन त्याच्या खोलीवर गेला. मिस्त्रीने पान घेतलं, उलटून दोन्ही बाजूंनी पाहिलं आणि खिशात ठेवलं. परत सोनं दिलं नाही. दमाजी माझ्याकडे आला आणि डोळे पुसत म्हणाला, "बाबूजी, मले इतकंच पाह्यजे. त्यानं एकदा म्हनावं, दमाजी, तू मुद्दाम नाही केलं."

पुढची वर्षं मिस्त्री त्या लेथचाच झाला. भाताचा कोंडा लोखंड खातो म्हणून त्याने खोलीला ताडपत्रीचे पडदे लावले. रोज संध्याकाळी बेड पुसायचा, तेलाचा हात फिरवायचा, त्या खड्ड्यात बोटाने वेगळं तेल घालायचा. दर खंडेनवमीला लेथवर पोतं अंथरून, उंबऱ्याबाहेर दगड मांडून ठेवायचा. दमाजी त्या दगडावर नारळ फोडायचा, वाकडाच. दोघं एकमेकांशी कामापुरतं बोलायचे. मी मधूनमधून विचारायचो, "मिस्त्री, मानता का आता दमाजीला?" तो म्हणायचा, "तुमी आपलं स्टोर पाहा."

एका पावसाळ्यात ताप घेऊन तो सौंदडकडे गेला आणि परत आला नाही. त्याचा भाचा पेटी न्यायला आला. दिसायला साधा माणूस, पण मामाचंच रक्त. बाकावर बसायच्या आधी त्याने बाक हलवून पाहिला. "पेटी सगळ्यायच्या समोर उघडा," तो म्हणाला. "मागून कोनी म्हनाले नाही पाह्यजे."

त्याने आणलेल्या किल्लीने मी कुलूप काढलं. गोधडीत बिडाची पट्टी होती, पाती होती, शेंदराची पुडी होती. आणि शेंदूर कालवायला अर्धी करवंटी. आतून तेलाने काळी-तांबडी झालेली, वर्षानुवर्षं वापरून गुळगुळीत. तिच्या कडेला एका बाजूने लांब सुळा होता. ज्या माणसाला बाकाचा तिरका पाय सहन होत नसे, त्याने तो सुळा तसाच ठेवला होता. हाताशी इतक्या कानशी असून एकही लावली नव्हती.

दमाजीने ती करवंटी उचलली. सुळ्यावरून अंगठा फिरवला.

"माह्या हातचा हाय हा नारळ," तो म्हणाला.

"कशावरून?" मी विचारलं. माझा स्वभाव कुठे जाणार?

"असा वाकडा अखीन कोन फोडते, बाबूजी?" तो हसला आणि त्याच हसण्यात रडायला लागला. मग भाच्याकडे वळून म्हणाला, "हे मले दे, बापू. बाकी सारं तुमचं."

भाच्याने करवंटी त्याच्या हातातून घेतली, उलटसुलट करून दोन्ही बाजूंनी नीट पाहिली, उजेडाकडे धरली, आणि मग दमाजीला परत दिली.