पंपाची ओटी

नारळ डोक्याच्या वर गेला आणि मी साहेबांचं मनगट धरलं.

साजगावच्या आमच्या केमिकल फॅक्टरीत खंडेनवमीची पूजा चालली होती. आमचे वर्क्स मॅनेजर नव्या पंपावर नारळ फोडायला निघाले होते. सुपरवायझरने साहेबांचा हात धरायचा नसतो, हे मलाही कळत होतं. पण पंपाकडे बघून माझा जीव वरखाली होत होता.

हा पंप ॲसिडचा. साधं लोखंड ॲसिड खाऊन टाकतं, म्हणून याच्या बिडात, म्हणजे ओतीव लोखंडात, भरपूर सिलिकॉन घातलेलं असतं. त्याला ॲसिड काही करू शकत नाही, पण ठोका बसला की ते चहाच्या कपासारखं तडकतं. असा स्पेअर आमच्याकडे एकच होता आणि चालू पंप गळून गळून शेवटच्या घटका मोजत होता. स्पेअर फुटला की प्लांट बंद. आणि हाच पंप घ्या म्हणून ऑफिसात भांडलेला मी घरी.

पावसाळाभर मी त्याला स्टोअरमध्ये जपलं होतं. लाकडी पेटी, खाली-वर पेंढा. आत गांधीलमाश्यांनी घर करू नये म्हणून दोन्ही तोंडांना लाकडी झाकणं. दर सोमवारी शाफ्ट, म्हणजे मधला दांडा, हाताने थोडा फिरवायचा. एकाच जागी पडून राहिला की जाम होतो. बायको म्हणायची, "एवढं आम्हाला फिरवलं असतंत तर माथेरान तरी बघून झालं असतं."

"गायकवाड, हात सोडा," साहेब म्हणाले.

"फुटेल, साहेब."

"नारळ फुटायलाच आणलाय."

"पंप फुटेल."

"लोखंड आहे ते. लोणच्याची बरणी नाही!"

मी धावत जाऊन भंगारातून त्याच बिडाचा एक जुना तुकडा आणला, चांगला ताटाएवढा. "आधी यावर मारा."

साहेबांनी सगळा राग काढून मारला. तुकड्याचे दोन तुकडे झाले. नारळाला ओरखडासुद्धा नाही. मागून कोणीतरी नारळाला हात जोडले.

साहेबांना पटलं, पण भोईरमामा अडून बसले. मामा आमचे सगळ्यात जुने फिटर. पंप बसवायचा त्यांनीच.

"वर गेलेला नारळ खाली आनला. आता या पंपाला मी हात नाय लावनार."

"दारात फोडू की, मामा."

"दाराचा दाराला झाला. याचा याला पायजे."

माझ्या घरी खंडेनवमी नसते, हे सगळ्यांना ठाऊक होतं. गायकवाडने मुद्दाम खोडा घातला, अशी कुजबुज कानावर आली. मला फार लागलं ते. नोकरी गेली असती तरी एवढं लागलं नसतं.

मी मामांसमोर बसलो. "मामा, घरात नवी सून आली तेव्हा तिच्या डोक्यात नारळ फोडलात?"

"काय बोलतोस रं! ओटी भरली तिची."

"नारळ अख्खा ना?"

मामा पंपाकडे वळले. "व्हय की," ते म्हणाले. "हा बी आज नवाच आलाय."

साहेबांनी कपाळाला हात लावला, पण नाही म्हणाले नाहीत. कँटीनच्या पार्वतीबाईंना बोलावणं गेलं. तांदूळ, सुपारी, हळकुंड, खण, सगळं जमलं. मी निश्चिंत होऊन चहाला गेलो. तिथे चुकलो.

दसरा झाल्यावर मामांनी पंप बसवला, अगदी खुशीत. साहेब स्वतः बटणाजवळ उभे राहिले.

"मारू?"

"थांबा." सवयीने मी शाफ्ट हाताने फिरवला. अर्धा फेरा गेला आणि आतून आवाज आला, कट्ट.

पाइप सोडवला, पंपाच्या तोंडात हात घातला. मूठभर तांदूळ आले. मग हळकुंड. मग सुपारी. सगळ्यात शेवटी खण.

"मामा, हे काय?"

"ओटी."

"आत?"

"मग काय वरनं उधळायची व्हय? बाईंनी नीट आत भरली. झाकन तुझंच लावलं, घट्ट. नारळ तेवढा नाय मावला."

"बसवताना काढायची तरी!"

"भरलेली ओटी रिकामी करू? मी?"

साहेबांनी बटणावरचं बोट अगदी हळूच काढून घेतलं. ते दाबलं असतं तर सुपारीने आतला, त्याच बिडाचा पंखा फोडला असता. टॉर्च लावून पाहिलं, पंख्याचा टवकाही उडाला नव्हता. पंप आतून पुसला, पुन्हा जोडला आणि दुपारी चालू केला. पुढे तो कैक वर्षं चालला.

पुढच्या खंडेनवमीला साहेबांनी नारळ माझ्या हातात दिला. "तुम्हीच फोडा, गायकवाड. कुठे फोडायचा तेही तुम्हीच बघा." मामांनी माझ्यासाठी एक धोंडा आधीच आणून ठेवला होता, हळदकुंकू लावून.

शिकाऊ मुलांना मी पुढे एकच सांगत आलो. पडून राहिलेला पंप चालू करण्याआधी हाताने फिरवून बघा. आणि अडला, तर आधी कँटीनमध्ये चौकशी करा.